अकृष्टपच्य : न पेरता परसात उगवणारे धन

(मंठाळ येथील उत्सवप्रसंगी झालेले भाषण)



महादेवाच्या अभिषेकसमयी रुद्रापाठोपाठ चमकाचा पाठ होतो, तो आपल्यापैकी बहुतेकांच्या कानांवरून नित्य जात असतो. त्यात भक्त देवापाशी काय काय मागतो याची मोठी यादी आहे. चौथ्या अनुवाकात धान्ये येतात. साळ, जव, उडीद, तीळ, मूग, गहू, मसूर असे एकेक नाव घेत पाठ नीवारापर्यंत पोहोचतो. पाचव्या अनुवाकात दगड, माती, डोंगर, वाळू, वनस्पती यांच्या बरोबरीने दोन शब्द जोडीने उच्चारले जातात : कृष्टपच्य आणि अकृष्टपच्य. नांगरलेल्या भूमीत पिकणारे ते कृष्टपच्य, आणि नांगर न लागलेल्या भूमीत पिकणारे ते अकृष्टपच्य. भक्ताने दोन्ही मागितली आहेत. पहिल्यासाठी मनुष्य कष्ट करतो, म्हणून ते मागणे सहज समजते. परंतु ज्याच्यासाठी हात हलविला नाही, बी टाकले नाही, पाणी घातले नाही, तेही मागावे असे ऋषींस का वाटले, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी अरण्यात जावयास नको. ते प्रत्येकाच्या परसात आहे.

आपल्या मंठाळ भागातील एखादे जुने घर डोळ्यांपुढे आणावे. पुढे अंगण, अंगणात तुळशीवृंदावन, वर माळवद, मागे परस, परसात न्हाणीचे सांडपाणी, कडेला उकिरडा आणि कुंपणाला एखादा कडुनिंब. वैशाखात ही सारी भूमी कोरडी ठणठणीत असते. हिरव्याचा मागमूस दिसत नाही. मृगाचा पहिला पाऊस पडतो आणि आठ-दहा दिवसांत तीच भूमी भरून जाते. वृंदावनाच्या चिऱ्यांच्या फटींत तुळशीची बारीक रोपे दाटतात. न्हाणीपाशी टोमॅटो आणि मिरची, उकिरड्यावर भोपळा आणि कारले, भिंतीच्या सावलीत पपई, कडुनिंबाखाली त्याचीच शेकडो पिल्ले, मोकळ्या जागेत तांदुळजा, घोळ, केना आणि टाकळा, आणि जिथे गतवर्षी तुरीच्या काड्या रचल्या होत्या तिथे तुरीची चार रोपे. माळवदावरच्या पांढऱ्या मातीतदेखील गवत उगवते, आणि घर गळू नये म्हणून ते उपटावयास कोणी तरी वर चढते. ह्यांतील एकही बी कोणी हाताने पेरलेले नसते. गतवर्षी सारे खुरपून, झाडून, जाळून स्वच्छ केलेले असते. तरीही ती आली. पुढील वर्षीही ती येणार.

लावलेल्या झाडांसाठी आपल्याकडे शास्त्र आहे. वराहमिहिराने बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदाचा स्वतंत्र अध्याय लिहिला. भूमी कशी असावी, रोपे किती अंतराने लावावी, पाणी केव्हा घालावे, कलम कसे करावे, हे त्यात सांगितले आहे. आपल्या शेजारच्या कल्याण नगरीत बाराव्या शतकात राज्य करणाऱ्या तिसऱ्या सोमेश्वर चालुक्याच्या मानसोल्लासात राजाच्या वनक्रीडेचेही वर्णन आहे. राजाला उद्यानासाठी माळी ठेवावे लागत. ह्या परसातील मंडळींना माळी नाही, पाट नाही, कुंपण नाही. मग ती टिकतात कशी? तीन मार्गांनी टिकतात, असे सांगता येईल. पहिला मार्ग वाट पाहण्याचा, दुसरा दुसऱ्याच्या आधाराने पुन्हा पुन्हा येण्याचा, आणि तिसरा भूमीच्या पोटात दडून राहण्याचा.

पहिला मार्ग घ्यावा. घोळीची एखादी वेल उपटून पाहिली तर तिच्या लहानशा बोंडांत काळी, वाळूच्या कणाएवढी बीजे दिसतात. एक जोमदार वेल लाखाच्या घरात बीजे देऊ शकते. तांदुळज्याचे आणि माठाचेही असेच. ही सर्व बीजे पहिल्या पावसात एकदम उगवत नाहीत. थोडी उगवतात, बाकीची निजून राहतात. सगळीच एकाच वर्षी उगवली आणि त्या वर्षी पावसाने ओढ दिली, तर वंश बुडाला असता. म्हणून मातीत बीजांची एक पेढीच भरलेली असते, आणि तिच्यातून दरवर्षी थोडेसेच काढले जाते.

ही निद्रा किती दीर्घ असू शकते याची परीक्षा अमेरिकेत चालू आहे. मिशिगन येथील कृषी महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राचे अध्यापक विल्यम जेम्स बील यांनी १८७९ साली वीस बाटल्या वाळूने भरल्या, प्रत्येकीत एकवीस जातींच्या तणांची पन्नास-पन्नास बीजे मिसळली आणि त्या महाविद्यालयाच्या आवारात पुरून ठेविल्या. ठराविक वर्षांनी एकेक बाटली काढावयाची आणि कोणते बी अजून जिवंत आहे ते पाहावयाचे, असा नेम ठरला. घोळ चाळीस वर्षांनंतरही उगवली. बील निवर्तले, त्यांचे शिष्य निवर्तले, शिष्यांचे शिष्य ते काम करीत राहिले. २०२१ साली, म्हणजे १४२ वर्षांनी, सोळावी बाटली उघडली, तेव्हा एका रानटी फुलझाडाची बीजे उगवून आली. चार बाटल्या अजून भूमीत आहेत आणि शेवटची २१०० साली काढावयाची आहे. चीनमध्ये एका जुन्या तळ्याच्या गाळात सापडलेले कमळाचे बी तर सुमारे तेराशे वर्षांचे होते, आणि तेही अंकुरले. गुरुशिष्यपरंपरा म्हणजे काय हे ज्या सभेला समजावून सांगावे लागत नाही, तिला बीलच्या बाटल्यांचे मोल सहज कळेल.

आता ह्या निद्रेतून बी जागे कशाने होते? पाणी तर हवेच. परंतु तांदुळजा आणि घोळ यांसारख्या बारीक बीजांना प्रकाशही हवा असतो. १९५२ साली अमेरिकेतील बेल्ट्सव्हिल येथे बॉर्थविक आणि त्यांचे सहकारी यांनी सॅलडच्या भाजीच्या बीजांवर प्रयोग करून दाखविले की, तांबड्या प्रकाशाने बी जागे होते आणि दृष्टीच्या सीमेवरच्या अतितांबड्या प्रकाशाने ते पुन्हा निजते. हिरव्या पानांच्या छायेतून गाळून येणाऱ्या उजेडात तांबडा भाग थोडा आणि अतितांबडा अधिक असतो. म्हणजे मातीतल्या त्या कणाएवढ्या बीजाला डोक्यावर दुसऱ्या झाडाची छाया आहे की आकाश मोकळे आहे, हे कळते! छाया असेल तर ते थांबते. म्हणूनच एक चमत्कार घडतो. घरधनीण परस खुरपून लख्ख करते, खालची माती वर येते, वर्षानुवर्षे अंधारात असलेल्या बीजांना क्षणभर ऊन लागते, आणि पंधरा दिवसांत दुप्पट रोपे उभी राहतात. तिला वाटते, एवढे काढले तरी हे कुठून आले? वस्तुतः तिच्याच खुरप्याने त्यांस उठविलेले असते.

दुसरा मार्ग पुन्हा पुन्हा येण्याचा. कडुनिंबाच्या बीजाला वाट पाहता येत नाही. लिंबोळी गळाल्यावर काही आठवड्यांतच त्याची उगवणशक्ती क्षीण होऊ लागते. परंतु पाखरे आणि वटवाघळे पिकलेली लिंबोळी नेतात, गर खातात आणि बी दूर टाकतात. पिंपळ आणि औदुंबर यांची बीजे तर पाखरांच्या पोटातून जाऊन देवळाच्या शिखरावर आणि वाड्याच्या भिंतीत उगवतात. शाकुंतलाच्या पहिल्या अंकात दुष्यंताला आपण आश्रमाच्या आवारात आलो हे कशावरून कळते? पोपटांच्या ढोलीतून झाडाखाली सांडलेल्या नीवाराच्या दाण्यांवरून. कवीने ती खूण जाणून योजिली आहे. जिथे पाखरांना भय नाही तिथे बी सांडते, आणि जिथे बी सांडते तिथे न पेरलेले उगवते.

माणूसही ह्या कामी पाखराहून कमी नाही. टोमॅटोची फोड धुतलेल्या पाण्यातून न्हाणीपाशी जाते. टोमॅटोच्या बीजाभोवती जो बुळबुळीत गर असतो तो फळाच्या आत बीजाला उगवू देत नाही. तो कुजून धुपून गेला की बी मोकळे होते. तुळशीच्या बीजाला पाणी लागले की त्याभोवती सब्जासारखे बुळबुळीत वेष्टन फुगते आणि ते चिऱ्याला चिकटून बसते. म्हणून ती फटीत उगवते, वाहून जात नाही. भोपळ्याच्या बिया उकिरड्यावर पडतात, तुरीचे दाणे मळणीच्या वेळी उडतात, सीताफळाच्या बिया पोरे थुंकतात. ह्यांपैकी किती झाडे मुळात आपली आहेत हे पाहिले तर आश्चर्य वाटेल. टोमॅटो, मिरची, पपई, पेरू, सीताफळ, झेंडू, गुलबक्षी, ही सर्व अमेरिकेकडची, समुद्रमार्गे आलेली. आज ती न बोलावता आपल्या अंगणात उगवतात आणि झेंडूवाचून आपला दसरा होत नाही. तूर मात्र ह्याच देशाची. तिचा रानटी पूर्वज ओडिशा-बस्तरच्या बाजूस आजही आढळतो, आणि कलबुर्गीच्या तूरडाळीस २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्या भागातून हैदराबादेकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर पाटणचेरू येथे १९७२ साली स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय पीकसंशोधन संस्था आहे. तिच्या शीतगृहात तुरीचे १३,००० हून अधिक नमुने जपून ठेविलेले आहेत. तुरीच्या फुलांवर मधमाश्या फिरतात आणि वाणांचा संकर होतो. त्यामुळे परसात आपोआप आलेली तूर हुबेहूब गतवर्षीच्या वाणासारखी असेलच असे नाही.

तिसरा मार्ग भूमीच्या पोटात राहण्याचा. लव्हाळ्याच्या मुळांशी गाठींची माळ असते; वरचे पाते उपटले की खालची गाठ जोमाने फुटते. गुलबक्षीचा गड्डा उन्हाळाभर निजून पावसात उठतो. केन्याची युक्ती तर सर्वांहून वेगळी. त्याला वर निळी फुले येतात ती आपण पाहतो. परंतु जमिनीखालीही त्याला न उमलणारी फुले येतात आणि तिथेच बी धरते. वरचे झाड नाहीसे झाले तरी संतती सुरक्षित.

येणेप्रमाणे ही सृष्टी टिकते. आता तिचा उपयोग काय, हे पाहू. भाद्रपद शुद्ध पंचमीस, ऋषिपंचमीला, अनेक मराठी घरांत बैलाच्या कष्टाने पिकलेले अन्न वर्ज्य असते. त्या दिवशी देवभात चालतो, परसातील माठ, अळू, भोपळा, दोडका अशा हातच्या किंवा आपोआप आलेल्या वस्तूंची भाजी होते. वर्षातून एक दिवस तरी अकृष्टपच्याची आठवण ठेवावी, असाच हा नेम आहे. परंतु ज्यांच्या घरी शेत नाही, त्यांना ही आठवण एका दिवसापुरती नसे. आषाढ-श्रावणात जुने धान्य संपत आलेले आणि नवे शेतात उभे. त्या महिन्या-दोन महिन्यांत तांदुळजा, घोळ, केना, टाकळ्याची कोवळी पाने हीच अनेकांच्या ताटातील भाजी होती. बिदरला लागून असलेल्या तेलंगणातील जहिराबाद भागात डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी ही संस्था १९८३ पासून गरीब, बहुतांशी दलित स्त्रियांच्या संघांबरोबर काम करीत आली. बाजरी-ज्वारीच्या मिश्र शेतात न पेरता उगवणाऱ्या भाज्यांची ओळख त्या स्त्रियांनी जगापुढे मांडली. इतरांनी जे तण म्हटले त्याला त्यांनी अन्न म्हटले. ह्या संघांना २०१९ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. त्या स्त्रियांचे म्हणणे साधे आहे. शेतात तणनाशक फवारले तर मालकाचे पीक वाचते, पण मजुरीस आलेल्या बाईच्या ओटीतील भाजी मरते.

तथापि आपोआप आले ते सर्व चांगले, असे मानणे हा भोळेपणा होईल. अतिथीला देव मानावे, पण उंबरठ्यात कोण उभा आहे हे पाहूनच दार उघडावे. १९५५ च्या सुमारास पुण्यात एक नवे झुडूप प्रथम आढळले. परदेशी धान्याबरोबर ते आले असे मानतात. गाजरासारख्या पानांमुळे त्याला गाजरगवत म्हटले गेले, आणि मराठीत काय, कन्नडात काय, 'काँग्रेस' हे नावही त्यालाच चिकटले. एकेक झाड हजारो बीजे देते. त्याच्या स्पर्शाने अनेकांच्या अंगास खाज सुटते, परागाने दमा उठतो. त्याला खाणारा भुंगेरा मेक्सिकोहून आणून १९८४ च्या सुमारास बंगळूरकडे सोडण्यात आला, तरी ते हटलेले नाही. ते फुलण्यापूर्वीच हातात काही बांधून उपटावे. पिंपळ पूज्य खरा, परंतु मठाच्या वा गढीच्या भिंतीत उगवलेला पिंपळ चिरे फोडतो. रोप दोन पानांचे असतानाच ते काढून मोकळ्या भूमीत लावावे, म्हणजे पूज्यभावही राहील आणि भिंतही राहील. धोत्र्याचे फूल शिवाला चालते, पण त्याचे पान किंवा बी चुकून भाजीत गेले तर जिवावर बेतते. आणि उकिरड्यावर आपोआप आलेला भोपळा अथवा दुधी कापताना एक फोड जिभेला लावून पाहावी. कडू लागली तर सारे फळ टाकून द्यावे. अशा वेलींत रानटी कडवटपणा पुन्हा उतरू शकतो, तो विषारी असतो आणि शिजवूनही जात नाही.

म्हणजे प्रश्न येऊन ठेपतो तो ओळखण्यापाशी. खुरपे धरणाऱ्या हाताला दोन पानांच्या रोपावरून कूळ कळावे लागते. आपल्या घरांतील वृद्ध माता हे सहज करीत आल्या. भोपळ्याची पहिली दोन पाने जाड आणि मोठी. टोमॅटोची लांबट, अरुंद, आणि रोप चुरडताच वास सांगणारी. तांदुळज्याची अगदी बारीक, खालून तांबूस. तुळशीची इवलीशी, गोलसर. तुरीची दले मातीतच राहतात आणि वर येतात ती लांबट साधी पाने, त्रिदळ मागाहून. हे ज्ञान कोणत्याही पाठशाळेत शिकविले जात नाही, ते आजीच्या शेजारी बसून खुरपताना नातीकडे जाते. बीजाची पेढी शंभर वर्षे मातीत टिकेल. ह्या ज्ञानाची पेढी एका पिढीत बुडू शकते. अंगणात फरशी बसते, परसात सिमेंट ओतले जाते, नात शहरात वाढते, आणि उरलेल्या जागेवर तणनाशकाची फवारणी होते. रोपे तरीही कुठल्या तरी फटीतून येतील. त्यांना नावाने हाक मारणारा मात्र कोणी उरणार नाही. नाव गेले की अन्नही तण होते.

पाणिनीने तिसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादात 'कृष्टपच्य' हा शब्द सिद्ध म्हणून दिला आहे. काशिकावृत्तीने त्याचा जो अर्थ केला तो लक्षात ठेवण्याजोगा आहे : नांगरलेल्या भूमीत जे स्वतःच पिकते ते. नांगर मनुष्याचा, परंतु पिकण्याची क्रिया धान्याची स्वतःची. शेतातले पीकही शेवटी आपल्या बळावरच पिकते, मग अकृष्टपच्य तर सर्वस्वी आपल्या बळावर उभे असते. मनुष्याकडे त्याचे मागणे एवढेच की त्याला ओळखावे. चमकात ते नावाने मागितले गेले, ते बहुधा याचसाठी. ज्याचे नाव घेतले जाते, ते दिसल्यावर ओळखता येते.

तेव्हा ह्या उत्सवाच्या निमित्ताने प्रत्येक घरी एक लहानसा नेम व्हावा. अंगणात फरशी घालावी, पण तुळशीभोवती आणि न्हाणीच्या कडेला हात-दोन हात माती उघडी ठेवावी. मृगानंतरची पहिली खुरपणी मजुरावर न सोपविता घरातील वडील बाईने एखाद्या मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवून करावी, आणि उपटण्यापूर्वी प्रत्येक रोपाचे नाव मराठीत आणि कन्नडात त्याच्याकडून वदवून घ्यावे. काढावयाचे ते काढावे, ठेवावयाचे ते ठेवावे. एका पावसाळ्यात पाच रोपे ओळखता आली तरी पुरे. पुढच्या मृगात तीच पाच पुन्हा उगवून परीक्षा घ्यावयास हजर राहतील.

शुभं भवतु.